छिद्र, दारू आणि दोष : एका रायफलीची हकीकत

यंदाच्या मालेसाठी चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘अर्धस्वयंचलित रायफलीतील वायूचे छिद्र’ असे लिहून धाडले. दुसऱ्याच दिवशी एक चालक घरी आले. म्हणाले, “भाऊ, आपण बोनस, किमान वेतन यांवर बोलाल अशी आमची अपेक्षा होती. हे बंदुकीचे काय काढलेत?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही शिपाई नव्हे, शिकारी नव्हे, आणि इतिहासाची पदवी तर दूरच, शाळाही आम्ही अर्ध्यावर सोडलेली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु यंत्र बिघडले की दोष कोणाचा, हा प्रश्न आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून विचारीत आलो आहो. हाच प्रश्न १९६७ साली अमेरिकेच्या लोकसभेपुढे एका रायफलीच्या निमित्ताने उभा राहिला होता. त्या चौकशीची हकीकत वाचताना आम्हांस आमचा यंत्रमाग आठवला. म्हणून हा विषय.

प्रथम मागाचे सांगतो, कारण तो या गावात घरोघर ठाऊक आहे. धोटा एका पेटीतून मारला जातो, ताण्याच्या धाग्यांमधून धावतो आणि समोरच्या पेटीत जाऊन थांबतो. मार कमी पडला तर धोटा वाटेत ताण्यातच अडकतो. मार जास्त झाला तर तो पेटीत आदळून उलट उसळतो आणि पुढचा फेरा बिघडतो. जितका मार तितकाच अटकाव हवा. हा मेळ एकदा जमला की माग वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. मेळ मोडला की मग विणकर कितीही कसबी असो, तो धागे जोडता जोडता थकून जातो.

आता रायफल पाहू. चाप ओढला की काडतुसातील दारू पेटते. तिचा वायू होतो आणि तो गोळीस नळीतून पुढे ढकलतो. नळीला एके जागी बारीक भोक पाडलेले असते. गोळी त्या भोकापलीकडे गेली की तिच्यामागच्या वायूतील थोडासा अंश भोकातून बाहेर निसटतो. हा निसटलेला वायू बंदुकीचा आतला गाडा मागे लोटतो. गाडा मागे सरकताना कुलूप फिरून उघडते, रिकामी पुंगळी कोठीतून ओढली जाऊन बाहेर फेकली जाते. गाडा आणखी मागे जाऊन स्प्रिंग दाबतो आणि त्याचा उरलेला जोर बफर अंगावर घेतो. रेल्वेच्या डब्याला असतो तोच बफर, केवळ आकाराने लहान. मग स्प्रिंग गाड्याला पुन्हा पुढे ढकलते, जाता जाता तो नवे काडतूस कोठीत सारतो आणि कुलूप लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, मात्र पुढचे काडतूस भरण्याचे काम बंदूक स्वतः करते. पूर्ण स्वयंचलितात चाप दाबून धरला असेतो हेच चक्र चालू राहते. चक्र दोहोंत एकच.

या चक्राचा मेळ चार गोष्टींवर अवलंबून असतो : भोक केवढे व नळीच्या कोणत्या जागी, दारू कशी जळते, मागेपुढे सरकणाऱ्या भागांचे वजन किती, आणि स्प्रिंग किती कडक. भोक लहान पडले तर गाडा पुरता मागे जात नाही, पुंगळी अडकते किंवा नवे काडतूस चढत नाही. भोक मोठे झाले तर गाडा फार जोराने व फार लवकर मागे जातो. पुंगळी दाबाने फुगून कोठीच्या भिंतीस चिकटलेली असते. ती सैल पडण्याच्या आतच आकडा तिला हिसका देतो, आणि मग पुंगळीची कड फाटते वा आकडा निसटतो. बफर जड केला तर गाडा संथ होतो, पण तो वाजवीपेक्षा जड झाला तर थंडीत, धुळीत, वंगण आटल्यावर बंदूक अर्ध्या वाटेत दम सोडते. म्हणजे यातील एकही गोष्ट एकटीने बदलता येत नाही. एक बदलली की उरलेल्या तिघींना विचारावे लागते. आमच्या सर्व कथनाचा गाभा एवढाच आहे.

हे ज्ञान माणसाला एकाएकी झाले नाही. अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डेन नावाच्या गावी जॉन ब्राउनिंग हा बंदूक-कारागीर राहत असे. १८८९ साली नेमबाजी चालू असता नळीच्या तोंडातून निघणाऱ्या झोताने समोरचे गवत वाकते हे त्याच्या नजरेस आले, अशी हकीकत सांगतात. गवत तर सर्वांनीच वाकताना पाहिले असेल, पण हा जोर फुकट जातो आहे ही गोष्ट त्याच्याच मनात आली. त्याने नळीच्या तोंडापुढे भोक पाडलेली लोखंडी पट्टी लावून प्रयोग केला. गोळी भोकातून जाई आणि मागचा वायू पट्टीला ढकली. या कल्पनेतून पुढे १८९५ च्या नमुन्याची कोल्ट कंपनीची मशीनगन निघाली. रायफलीसारख्या हलक्या शस्त्रात हीच युक्ती आणण्याचा खटाटोप अनेक देशांत चालला. मेक्सिकोच्या मॉन्ड्रागॉन नावाच्या सेनापतीची रायफल स्वित्झर्लंडमध्ये तयार होऊन १९०८ साली त्या देशाच्या सैन्यात आली.

अमेरिकन सैन्याला आपली अर्धस्वयंचलित रायफल मिळाली १९३६ साली. तिचा जनक जॉन गॅरंड याचे चरित्र कामगारांनी अवश्य वाचावे. जन्म कॅनडातील क्वेबेक प्रांतातला. कुटुंब पोट भरण्यासाठी कनेक्टिकटमध्ये आले आणि हा पोरगा कापडाच्या गिरणीत झाडू मारण्याच्या कामास लागला. झाडता झाडता यंत्रे पाहिली, इंग्रजी शिकला, पुढे यंत्रकारागीर झाला आणि अखेर स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत पोचला. त्याच्या रायफली लाखांनी बनल्या. पेटंटाचे हक्क त्याने सरकारच्या स्वाधीन केले आणि स्वतः पगारावर राहिला. त्यास एक लाख डॉलर बक्षीस द्यावे असा ठराव त्यांच्या लोकसभेत आला होता, तो संमत झाला नाही.

गॅरंडच्या आरंभीच्या रायफलींत नळीला भोक नव्हते. नळीच्या तोंडाशी टोपणासारखा भाग बसवून तेथे वायू धरीत. नळीला भोक पाडणे सैन्याला पसंत नव्हते. परंतु ती टोपणाची योजना नीट चालेना, तेव्हा १९४० च्या सुमारास नळीच्या टोकाजवळ खुद्द नळीलाच भोक पाडण्यात आले. या रायफलीनेच एक धडा शिकवून ठेवला होता. सावकाश जळणारी दारू किंवा जड गोळी वापरली तर भोकाशी वायूचा दाब वाढतो आणि गाड्याला ढकलणारा लांब दांडा वाकतो. दारू व भोक यांची सोयरीक शस्त्रशाळेतील माणसांना १९६० च्या पुष्कळ आधी ठाऊक होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील आर्मालाइट नावाच्या छोट्या कंपनीत यूजीन स्टोनर या गृहस्थाने नवी योजना केली. त्याने दांडा काढूनच टाकला. नळीच्या भोकातून एक बारीक पोकळ नळकांडी थेट मागे नेली आणि वायू सरळ गाड्याच्या पोटात सोडला. दस्त्याच्या आत, अगदी मागे, स्प्रिंग आणि बफर बसवले. जड लाकडाऐवजी प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम वापरले. तिला एआर-१५ असे नाव पडले. १९५९ साली तिचे हक्क कोल्ट कंपनीने घेतले, आणि सैन्यात आल्यावर ती एम-१६ म्हणून प्रसिद्ध झाली. स्टोनर आणि त्याचे सहकारी यांनी भोक, गाडा, स्प्रिंग, बफर यांचा मेळ बसवला होता तो ड्यूपाँट कंपनीच्या एका विशिष्ट दारूवर. तिचे दाणे बारीक कांड्यांसारखे असत.

येथवर सर्व ठीक होते. १९६३ साली सैन्याने एक लाखावर रायफलींची मागणी नोंदवली आणि कचेरीत कागदांचा कारभार सुरू झाला. गोळीचा वेग सेकंदास ३,२५० फूट असलाच पाहिजे, असा दंडक घातला गेला. ड्यूपाँटच्या दारूने हा वेग गाठावयाचा तर कोठीतील दाब मर्यादेच्या काठावर जाई, आणि घाऊक उत्पादनात प्रत्येक घाण्याला हे साधणे कठीण झाले. वेगाचा आकडा थोडा खाली आणणे हा एक मार्ग होता. तो न पत्करता १९६४ साली दारूच बदलली. ऑलिन कंपनीची गोल दाण्यांची दारू मंजूर झाली. सैन्याच्या जुन्या ७.६२ च्या काडतुसांत ती चालत होती.

या दारूत स्वतःचे असे काही वाईट नव्हते. परंतु तिचे जळणे निराळे. कोठीपाशी तिचा दाब मर्यादेत राही, पण गोळी भोकापर्यंत पोचेतो तो पूर्वीच्या दारूइतका ओसरत नसे. म्हणजे भोक तेवढेच राहिले आणि त्यातून येणारा जोर वाढला. सांधलेला मेळ मोडला. मिनिटाला साडेसातशे-आठशेच्या आसपास चालावयाचे चक्र हजाराच्या घरात जाऊ लागले. पुंगळ्या सैल पडण्याआधी ओढल्या जाऊ लागल्या. गाडा पुढे येऊन आदळे आणि पेटीत उसळणाऱ्या धोट्याप्रमाणे किंचित मागे उसळे. त्याच क्षणी हातोडी पडली तर काडतूस पेटतच नसे. शिवाय या दारूत आम्लता मारण्यासाठी खडूच्या जातीचा कॅल्शियम कार्बोनेट घातलेला असे. त्याचा राप बारीक वायुनळकांडीत साचे.

आता जे घडले ते आम्हांस सर्वांत लागले. नव्या दारूने आमच्या रायफली वेगाच्या मर्यादेत उतरत नाहीत, असे कोल्ट कंपनीने सैन्यास कळविले. यावर भोक बदला, बफर बदला किंवा दारू बदला असा हुकूम यावयास हवा होता. हुकूम आला तो असा, की कारखान्यातील परीक्षा जुन्या दारूच्या काडतुसांनी करावी. रायफल जुन्या दारूवर पास व्हायची आणि शिपायाच्या हाती नव्या दारूसह जायची! मालाचा नमुना एक आणि भरणा दुसरा, हा प्रकार आपल्या बाजारात घडला तर आपण त्यास काय म्हणतो? खुद्द स्टोनरने पुढे चौकशीत साक्ष दिली, की या दारूविषयी आपले मत विचारण्यात आले ते निर्णय होऊन गेल्यावर.

व्हिएतनामात ही रायफल १९६५ साली मोठ्या लढाईत उतरली. आरंभी तिची वाखाणणीच झाली आणि मागणी वाढली. पाठोपाठ गाऱ्हाणी येऊ लागली. दमट हवा, चिखल, कोठीस क्रोमियमचा मुलामा नाही, त्यामुळे कोठीला बारीक गंज धरे आणि आधीच घाईने ओढली जाणारी पुंगळी आत रुतून बसे. ती काढावयाची तर नळीच्या तोंडातून गज घालून ठोकावे लागे. समोरून गोळ्या येत असता हे काम करावयाचे! आणि तो गजही प्रत्येकाजवळ नसे. या बंदुकीस साफसफाईची फारशी गरज नाही असा समज पसरला होता, आणि सफाईचे साहित्य अपुरे पाठविले गेले होते. १९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान जवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिकांची घनघोर लढाई झाली. तेथील एका जवानाने घरी पत्र लिहिले. आपल्या साथीदारांपैकी पुष्कळांचा जीव त्यांच्याच रायफलीने घेतला, मेलेल्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली दुरुस्तीसाठी उघडलेल्या सापडल्या, असा त्याचा आशय होता. न्यू जर्सीचे लोकप्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी ते पत्र चव्हाट्यावर आणले.

वरून उत्तर काय आले? शिपाई बंदूक साफ ठेवीत नाहीत!

वाचकहो, हे वाक्य आम्ही निराळ्या शब्दांत ऐकलेले आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात आम्ही उमेदवार म्हणून एका शेडमध्ये मागावर होतो. मालकाने स्वस्तातले सूत आणले आणि त्याच महिन्यात मोटारीची पुली बदलून मागाचा वेग वाढवला. दोन्ही गोष्टी आम्हांस न सांगता. तागे खराब निघू लागले. तुटीचा दंड विणकरांच्या मजुरीतून कापला जाऊ लागला आणि ‘काम मन लावून करा’ अशी पाटी भिंतीवर लागली. आमच्या शेजारच्या मागावर एक वयस्क विणकर होते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. अठ्ठावीस वर्षांचा हात. त्यांचा दंड सर्वांत जास्त, कारण स्वस्त सुताचे बीम त्यांच्याच मागांवर चढले होते. शेडचा म्हातारा फिटर एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “पोरांनो, तात्याच्या हाताकडं काय बघताय? बीम बघा, पुली बघा.” त्या दिवसापासून आम्ही तुटलेल्या धाग्यांचे नमुने कागदात गुंडाळून त्यावर तारीख आणि मागाचा नंबर लिहून ठेवू लागलो. संघटनेचे पहिले दप्तर आमच्या हातून झाले ते हेच.

अमेरिकेत १९६७ च्या मे महिन्यात रिचर्ड आयकॉर्ड या सभासदाच्या अध्यक्षतेखाली लोकसभेची एक खास उपसमिती नेमली गेली. तिने सेनाधिकारी, कंपन्यांची माणसे, तज्ज्ञ, अशा सर्वांच्या साक्षी घेतल्या आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. रायफलीच्या बिघाडाचे मोठे कारण दारूचा बदल हेच होय, आणि तो बदल पुरेशा परीक्षेवाचून झाला, असा तिचा निष्कर्ष होता. काडतुसातील दोष कळूनही दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांची हयगय गुन्ह्याच्या सीमेवर जाते, इतक्या कडक भाषेत तिने ठपका ठेवला. सफाईचे साहित्य आणि शिक्षण अपुरे होते हेही तिने नोंदले. कामगाराची बाजू घेणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे, की सफाईचा प्रश्न खोटा नव्हता. रायफल राखावी लागतेच. परंतु गज दिला नाही त्याने राप का साचला असे विचारू नये.

इलाजाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मेळ पुन्हा बसवावयास तीन वाटा होत्या : दारू मागे फिरवणे, भोक लहान करणे, बफर जड करणे. भोक बदलणे म्हणजे हजारो रायफलींच्या नळ्या बदलणे. बफर मात्र दस्त्यातून हाताने काढता-घालता येतो. म्हणून कोल्ट कंपनीने आत सरकती वजने असलेला जड बफर तयार केला. जुना बफर हलका होता. नव्यातील वजने गाड्याच्या मागोमाग क्षणभर उशिराने पुढे येत आणि त्याची उसळी मारून टाकीत. चक्राचा वेगही खाली आला. हा बफर १९६६ च्या अखेरीपासून बसू लागला, म्हणजे चौकशी नेमली जाण्यापूर्वी! दोष जर शिपायाच्या हाताचा होता, तर बफर बदलण्याची गरज का पडली? चोर सोडून संन्याशास सुळी म्हणतात ते हेच. पुढे १९६७ मध्ये कोठीस क्रोमियमचा मुलामा मंजूर झाला, सफाईचे साहित्य पोचले, नंतर शिपायांना समजेल अशी सचित्र पुस्तिका निघाली, आणि १९७० च्या सुमारास दारूतील कॅल्शियम कार्बोनेटाचे प्रमाणही घटविण्यात आले. तीच रायफल नंतर नीट चालली. तिची आखूड आवृत्ती, एम-४, १९९४ साली आली, तेव्हा नळीवरील भोक कोठीच्या अधिक जवळ आले आणि त्याबरोबर दाबही चढला. त्यासाठी बफरातील पोलादाच्या वजनाऐवजी जड टंगस्टनचे वजन घालण्यात आले. धडा महाग पडला, पण विसरला गेला नाही.

या बाबतीत आपल्याकडचा एक दाखला सांगण्याजोगा आहे. १९६२ च्या युद्धात आपले जवान हाताने बोल्ट ओढावयाच्या .३०३ रायफलींनी लढले. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून सैन्यास सेल्फ-लोडिंग रायफली मिळू लागल्या. तिचा मूळ नमुना बेल्जियमच्या एफएएल रायफलीचा. सभागृहातील माजी सैनिकांनी ती खांद्यावर वागविली असेल. तिच्या वायूच्या भागापाशी एक आकडे कोरलेले कडे असते. दारू जोरदार असो वा मंद, बंदूक स्वच्छ असो वा धुळीने भरलेली, ते कडे फिरवून शिपाई स्वतः वायू कमीजास्त करू शकतो. यंत्र करणाऱ्याने यंत्र वापरणाऱ्याच्या अकलेवर टाकलेला हा विश्वास आहे. बंदूक ईशापूरला, काडतूस आमच्याकडे खडकीला नाहीतर वरणगावला. इतक्या दूरच्या दोन कारखान्यांचे जमले पाहिजे, तरच सीमेवरच्या पोराच्या हातात ती चालते. काडतूस भरणारा कामगार आणि ते झाडणारा जवान एकमेकांस कधी पाहत नाहीत, पण एकाच मेळाने ते बांधलेले असतात.

आता तात्यांचे सांगून पुरे करतो. नमुन्यांचे दप्तर तीन महिन्यांनी आम्ही मालकापुढे ठेवले. कोणत्या तारखेस सूत बदलले, कोणत्या तारखेस पुली बदलली आणि कोणत्या तारखेपासून तूट वाढली, हे त्यात ओळीने लिहिलेले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात जुने सूत परत आले, पाटी निघाली. तात्यांचा कापलेला दंड मात्र परत मिळाला नाही, आणि ते पुन्हा मागावर आले नाहीत. आपला हात गेला, असे शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिले. घरी जाऊन आम्ही त्यांना ते दप्तर दाखविले, तेव्हा त्यांनी एकेक पुडी उघडून धागे बोटांवर घेऊन पाहिले आणि एवढेच म्हणाले, “मग हे आधी का नाही सांगितलंत रे?”

त्या पत्र लिहिणाऱ्या जवानाचाही प्रश्न याहून वेगळा नव्हता.